‘आधी सही करा, मग घर दाखवतो’ म्हणणाऱ्या ब्रोकरला काय सांगावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, तिचं ऑफिस ऐरोलीला, त्याचं ठाण्यात. बजेट १ कोटी १० लाख, टू बीएचके हवा. शोध खाडीच्या दोन्ही बाजूंना चालू आहे: इकडे ठाण्यात कोलशेत, बाळकुम आणि तिकडे कळवा-खारेगाव, नवी मुंबईतलं ऐरोली, घणसोली. कोलशेतच्या एका ब्रोकरने तीन फ्लॅट दाखवले आणि चौथा दाखवण्याआधी ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार समोर ठेवला. पुढचे सहा महिने घर त्याच्यामार्फतच घ्यायचं. दुसऱ्या ब्रोकरकडून, थेट मालकाकडून किंवा थेट बिल्डरकडून घेतलं तरी २ टक्के दलाली त्याला द्यायची. वर तो म्हणाला, ‘अमेरिकेत तर आता सही केल्याशिवाय घर दाखवतच नाहीत.’ सही करावी का?

या कागदावर करू नका. पण त्या माणसाला तोडूनही टाकू नका, कारण तो असं का मागतोय ते मला नीट ठाऊक आहे. मी २००३ पासून ठाण्यात इस्टेट एजंटचं काम करते, ऑफिस पाचपाखाडीत आहे, आणि असाच कागद मी स्वतः दोन वर्षं लोकांपुढे ठेवलेला आहे.

२०११ ची गोष्ट. एका कुटुंबाला मी अडीच महिन्यांत चौदा घरं दाखवली. जून-जुलैचा पाऊस, बरोबर त्यांची म्हातारी आई, म्हणून प्रत्येक वेळी माझ्या गाडीतून. तेरावं घर वसंत विहारमधलं होतं, ते त्यांना आवडलं. मी मालकाशी दोनदा बसून भाव तीन लाखांनी खाली आणला. मग एक दिवस त्यांचा फोन आला, ‘ताई, सध्या घराचा विचार रद्द केलाय.’ मी बरं म्हटलं. चार महिन्यांनी दुसऱ्या पार्टीला घेऊन त्याच सोसायटीत गेले तर खालच्या पाटीवर त्यांचं आडनाव. ते आणि मालक माझ्या मागे भेटले होते, दोघांनी माझी दलाली वाचवली होती. आमच्याकडे याला ‘पार्टी डायरेक्ट झाली’ म्हणतात. वर्षातून दोन-तीनदा हे प्रत्येक ब्रोकरच्या वाट्याला येतं, आणि ज्याचं घर याच कमाईवर चालतं त्याच्या मनात ते बसतं. करार कायद्याच्या कलम २१९ प्रमाणे वेगळं काही ठरलेलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. म्हणजे चौदा घरं दाखवून व्यवहार झाला नाही तर पेट्रोलसुद्धा आपलंच. हे बरोबरच आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण व्यवहार झाला आणि आपल्याला वगळून झाला, तर ती फसवणूक आहे.

त्या वर्षी चिडून मी फॉर्म बनवला. तीन महिने, फक्त माझ्यामार्फत. बहुतेक लोक न वाचताच सही करायचे. त्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या. गुडघ्यांचा त्रास होता, त्यांना चरई किंवा नौपाड्यात तळमजला नाहीतर पहिला मजला हवा होता. त्यांच्या मुदतीत चरईत अगदी तसंच एक घर विकायला आलं, पण ते ज्या ब्रोकरकडे होतं तो दुसऱ्या एजंटला मध्ये घ्यायला तयार नव्हता. दोन्ही बाजूंची दलाली त्यालाच हवी होती. मी बाईंना ते घर सांगितलंच नाही. माझा फॉर्म त्यांच्या सहीसकट फाइलमध्ये होता, त्या दुसरीकडे जाऊ शकत नव्हत्या. मुदत संपल्यावर त्यांचा फोन आला, ‘अहो, चरईत तळमजल्याचं एक होतं म्हणे. तुम्हाला माहीत नव्हतं का?’ मला माहीत होतं. मी ‘नाही’ म्हणाले. त्या दिवशी जे वाटलं ते मी अजून विसरलेले नाही. तो फॉर्म मी बंद केला.

तेव्हा कळलं की अशा कराराने फक्त पार्टी पळून जाणं थांबत नाही. ब्रोकरची मेहनतही थांबते. ज्याला ठाऊक आहे की पुढचे सहा महिने तुम्ही कुठेही गेलात तरी २ लाख २० हजार त्याचेच, तो तुमच्यासाठी रविवारी सकाळी उठून का जाईल? जीएसटी नोंदणी असलेला ब्रोकर असेल तर त्यावर १८ टक्के धरा, म्हणजे एकूण २ लाख ५९ हजार ६००. हे पैसे तुम्ही घर शोधून देण्यासाठी देताय की नुसती सही केली म्हणून, हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नाही.

आता अमेरिकेचं. ब्रोकरने सांगितलं ते अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं त्याच्याच विरोधात जातं. तिथे वर्षानुवर्षं विक्रेता साधारण ५ ते ६ टक्के कमिशन द्यायचा आणि त्यातूनच खरेदीदाराच्या एजंटला वाटा मिळायचा. खरेदीदाराला वाटायचं, आपला एजंट फुकट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातल्या खटल्यात ज्युरीने या पद्धतीविरुद्ध कौल दिला. मार्च २०२४ मध्ये तिथल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सने ४१ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करणं त्यांच्या एजंटांना बंधनकारक झालं. इथपर्यंत तुमचा ब्रोकर बरोबर.

पण त्या करारात काय असावं लागतं ते पाहा. फी किती ते नेमक्या आकड्यात किंवा दरात लिहायची, मोघम ठेवायची नाही. फी कायद्याने ठरलेली नसून बोलून कमी-जास्त करता येते, हे ठळक लिहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, करारात ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे एजंटने कुठूनही, अगदी विक्रेत्याकडूनही, घ्यायचे नाहीत. करार ‘फक्त माझ्याशीच’ असा असावा, ही त्या नियमाची अटच नाही. तो नियम एजंटची कमाई उघड्यावर आणण्यासाठी आला, गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी नाही.

आणखी एक मोठा फरक आहे, तो ठाण्यात बसून लगेच दिसतो. तिथे विक्रीच्या घरांची नोंद एजंटांच्या सामायिक यादीत होते. एका एजंटशी बांधलं तरी गावातली बहुतेक घरं तो तुम्हाला दाखवू शकतो. आपल्याकडे अशी यादी नाही. एकच फ्लॅट पाच ब्रोकरांकडे असतो, चावी एकाकडे, मालकाचा खरा भाव दुसऱ्यालाच माहीत, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तो ‘अर्जंट सेल’ म्हणून सहा महिने फिरत राहतो. काही चांगली घरं तर ग्रुपवर येतच नाहीत, कारण ज्याच्याकडे आहेत त्याला दोन्ही पार्ट्या स्वतःच्या हव्या असतात. अशा बाजारात एका ब्रोकरशी सहा महिने बांधून घेतलं, तर तुमच्या वाट्याला फक्त त्याच्या डायरीतला बाजार येतो. कोलशेतच्या माणसाची डायरी फार तर माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत.

आणि तुमचं अर्धं मन तर ऐरोली-घणसोलीत आहे. तिथलं काम वेगळं आहे. नवी मुंबईत बरीचशी जमीन सिडकोची, लीजवर दिलेली. जुना फ्लॅट घेताना हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क असतं. साडेबारा टक्के योजनेतल्या, म्हणजे जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना सिडकोने परत दिलेल्या, भूखंडावरची इमारत असेल तर मूळ प्रकल्पग्रस्तापासून बिल्डरपर्यंतचा त्रिपक्षीय करार तपासावा लागतो. घणसोली, कोपरखैरणे भागात गावठाणालगत अशा इमारती आहेत जिथे भाव मोहात पाडणारा असतो, पण भोगवटा प्रमाणपत्र नसतं आणि बँक कर्जाला हात लावत नाही. हे सगळं तिथल्या सेक्टरमध्ये वीस वर्षं बसलेला माणूस फाइल बघून पाच मिनिटांत सांगतो. मी स्वतः नवी मुंबईतलं काम आलं की वाशीच्या एका सहकाऱ्याकडे पाठवते, कारण मला ते तितकं येत नाही. कोलशेतच्या ब्रोकरच्या कागदात भागच लिहिलेला नाही, म्हणजे घणसोलीत तुम्ही कोणाकडूनही घर घेतलं तरी पैसे त्याला. याला काहीही आधार नाही.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते बोलते: ब्रोकर नेमका कोणाचा माणूस? रीसेलमध्ये आपल्याकडे दोन्ही बाजूंनी दलाली घ्यायची रीत आहे. साधारण १ ते २ टक्के खरेदीदाराकडून, तितकेच विकणाऱ्याकडून. दोन ब्रोकर असतील तर ‘तुमची पार्टी तुमची, माझी पार्टी माझी’ असं ठरतं, ते स्वच्छ असतं. एकच ब्रोकर दोघांचा असेल तर तो भाव कोणासाठी तोडणार? त्याला लवकर व्हावा असा व्यवहार हवा, स्वस्त व्हावा असा नको. हे पाप नाही, उघड सांगितलं असेल तर चालतं. पण तोच माणूस तुमच्याकडून ‘फक्त माझ्यामार्फत’ असं लिहून घेतो, तेव्हा तो तुमचा एजंट झाला, आणि मग करार कायद्याची कलमं २१५ आणि २१६ त्याला लागू होतात: तुम्हाला न सांगता, तुमच्या संमतीशिवाय, तुमच्याच कामात त्याने स्वतःचा व्यवहार साधला तर तुम्ही त्याचा हिशेब मागू शकता. त्याला विचारा, ‘मी तुमच्याशी बांधून घेते. तुम्ही माझ्याशी बांधून घेणार का? मालकाकडून एक रुपयाही घेणार नाही, असं याच कागदावर लिहाल?’ दहातले नऊ ब्रोकर इथे विषय बदलतात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा निकाल इथेच लागतो. गिऱ्हाइकाकडून एकनिष्ठेची मागणी करण्याचा हक्क त्यालाच आहे जो दुसऱ्या बाजूचे पैसे सोडतो.

नव्या प्रकल्पात तर हा करार सरळ नुकसानीचा आहे. तिथे ब्रोकर ‘सीपी’ म्हणजे चॅनल पार्टनर असतो आणि त्याचं कमिशन बिल्डर देतो, खरेदीदाराने काही द्यायचं नसतं. साइटवर पहिल्यांदा गेलात की रिसेप्शनला फॉर्म भरून घेतात, त्यात ज्या सीपीचं नाव लागलं त्याच्या नावावर तुमचं टॅगिंग होतं आणि ठरावीक दिवस ते राहतं. म्हणजे ब्रोकरचं संरक्षण बिल्डरच्या ऑफिसात आधीच झालेलं असतं. तुमच्या कागदाप्रमाणे बिल्डरकडून घेतलं तरी २ टक्के तुम्ही द्यायचे आणि बिल्डरचं कमिशन त्याला वेगळं. एकाच कामाचे दोनदा पैसे. शिवाय ज्या प्रकल्पात कमिशन जास्त, तिकडे गाडी आधी वळते, हे मी गेली अनेक वर्षं घोडबंदर रोडवर बघतेय. (तुम्ही स्वतः साइटवर जाणार असाल तर रिसेप्शनच्या फॉर्ममध्ये ‘संदर्भ’ या रकान्यात कोणाचं नाव घालताय ते विचार करून घाला. ‘असंच लिहा कोणाचंही’ असं तिथली मुलगी म्हणाली तरी.)

महारेराबद्दलही (गृहप्रकल्पांवर आणि एजंटांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) एक सांगून टाकते, कारण लोक गृहीत धरतात की सगळं त्यात येतं. रेरा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणी झालेल्या प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटची नोंदणी हवीच, आणि प्रत्येक व्यवहारात त्याने आपला नोंदणी क्रमांक द्यायला हवा. महाराष्ट्रात आता त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही द्यावी लागते. कलम १० प्रमाणे खोटी माहिती द्यायची नाही आणि खरेदीदाराला हक्काची सगळी कागदपत्रं मिळतील हे पाहायचं. मोडलं तर कलम ६२ खाली दिवसाला १० हजार रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. पण वीस वर्षं जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट या चौकटीत बसत नाही. तिथे तुमच्या हातात उरतो तो तुम्ही केलेला करार. म्हणून लेखी करार असावा असंच माझं मत आहे. फक्त तो वेगळा हवा.

तुमच्या ब्रोकरला असं सांगा: ‘तुम्ही मला जी घरं दाखवाल त्यांची यादी ठेवू. त्या यादीतलं घर मी तुम्हाला वगळून घेतलं तर तुमची पूर्ण दलाली देणं लागते, आज घेतलं तरी आणि चार महिन्यांनी घेतलं तरी.’ यात त्याचा २०११ वाला धोका पूर्ण संपतो. माझ्याकडे हे कसं चालतं ते सांगते. प्रत्येक व्हिजिटनंतर मी त्याच संध्याकाळी पार्टीला मेसेज करते: आज आपण अमुक सोसायटीतला अमुक नंबरचा फ्लॅट माझ्यामार्फत पाहिला, मालकाची अपेक्षा इतकी. पार्टी ‘हो’ म्हणते. एखादं घर त्यांनी आधीच दुसऱ्या ब्रोकरबरोबर पाहिलं असेल तर तेव्हाच सांगतात आणि मी ते यादीतून काढते. गेल्या दहा-बारा वर्षांत माझे दोनच वाद झाले, दोन्ही वेळा हे मेसेज दाखवून पाच मिनिटांत मिटले. सुरुवातीला एक पानाचा करार असतो, त्यात दर लिहिलेला, तो कशावर मोजायचा ते लिहिलेलं, आणि मी विकणाऱ्याकडून घेणार असेन तर किती तेही लिहिलेलं.

दलाली कधी द्यायची, यावर भांडणं फार होतात म्हणून थोडं थांबते. पुष्कळ ब्रोकर टोकन दिलं की निम्मी मागतात. टोकन म्हणजे व्यवहार नव्हे. टोकननंतर सोसायटीची एनओसी अडते, मालकाच्या बहिणीची सही मिळत नाही, बँकेच्या वकिलाला जुन्या करारांच्या साखळीतला एक करारच सापडत नाही. अशा वेळी दिलेली दलाली परत मागणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. खरेदीखताची नोंदणी होईल त्या दिवशी दलाली, असं लिहून घ्या. फार तर चौथा हिस्सा आधी, आणि टायटलच्या, म्हणजे मालकी हक्काच्या, दोषामुळे किंवा मालक फिरल्यामुळे व्यवहार मोडला तर तो परत. चांगल्या ब्रोकरला हे मान्य असतं, कारण कागद तपासल्याशिवाय तो टोकन देऊच देत नाही.

त्याची परीक्षा घ्यायची असेल तर साधी आहे. त्याने तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलं ते आठवा. ठाण्यात १ कोटी १० लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ७ लाख ७० हजार, नोंदणीचे ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे तुमचे १ लाख १० हजार वाचतात, त्याच्या दलालीचे निम्मे. कोणाच्या नावावर घ्यायचं हा तुमच्या घरातला निर्णय, पण पर्याय आहे हे तीन फ्लॅट दाखवताना एकदा तरी त्याच्या तोंडून आलं का? भोगवटा प्रमाणपत्राबद्दल, सोसायटीच्या थकबाकीबद्दल, पाण्याच्या टँकरच्या खर्चाबद्दल काही बोलला का? बोलला असेल तर तो ठेवण्यासारखा माणूस आहे, कागद बदलून घ्या आणि त्याच्याबरोबर काम करा.

‘फक्त माझ्यामार्फत’ हा करार मी अजूनही करते, वर्षातून दोन-तीनदा. जेव्हा हवं ते घर बाजारात नसतंच आणि ते उकरून काढावं लागतं तेव्हा. मागे एका मुलाला आई-वडिलांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, नौपाड्यातच घर हवं होतं. विक्रीला एकही नव्हतं. मी अकरा सोसायट्यांच्या सेक्रेटरींना भेटले, कुठली पुनर्विकासात जाणार आहे आणि कुठली नाही ते काढलं, दोन घरमालकांना तर विकायचा विचार माझ्यामुळेच सुचला. त्या कामाला मी पंचेचाळीस दिवसांचा करार केला होता. भाग फक्त नौपाडा, मालकाकडून शून्य दलाली, आणि त्याला काम पटलं नाही तर सात दिवसांच्या लेखी सूचनेवर मोकळं होण्याची सोय. तिथे एकट्याशी करार करण्याला अर्थ होता, कारण मी त्याच्यासाठीच काम करत होते आणि दुसऱ्या कोणालाही ती घरं दाखवत नव्हते. तुमचा शोध असा नाही. कोलशेत ते घणसोली पट्ट्यात टू बीएचके भरपूर आहेत, तुम्हाला निवड करायची आहे.

आणि समजा, हे वाचेपर्यंत सही होऊन गेली असेल, तर घाबरू नका. करार कायद्यात एजंटला दिलेला अधिकार काढून घेता येतो. कलम २०६ प्रमाणे वाजवी सूचना द्यावी लागते, आणि ठरलेल्या मुदतीआधी पुरेसं कारण नसताना काढला तर कलम २०५ खाली भरपाईचा प्रश्न येतो. पण भरपाई म्हणजे कागदावरचे पूर्ण २ टक्के आपोआप असं नाही. कलम ७४ वाजवी रकमेपर्यंतच जातं, लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड लादणाऱ्या कराराला अन्याय्य करार म्हटलेलं आहे. त्याला आजच ईमेल करा. तीन दाखवलेल्या फ्लॅटचे पत्ते आणि तारखा लिहा, त्यांच्यापुरती दलाली मान्य आहे असं स्पष्ट म्हणा, बाकीच्या अटींतून पंधरा दिवसांच्या सूचनेवर बाहेर पडत असल्याचं कळवा आणि मूळ करार परत मागा. तो परत देईपर्यंत घणसोलीच्या घराचं टोकन देऊ नका, आणि दिलंच तर तिथल्या ब्रोकरला या कागदाबद्दल आधी सांगा.